टँकमधलं शेवाळ आणि गोगलगायी: कोणती घ्यावी, किती, आणि पुण्याच्या पाण्यात जगतात का?

काचेपलीकडे · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. हॉलमध्ये दोन फुटी टँक आहे, पन्नास लिटरच्या आसपास पाणी मावतं. आत गप्पी, निऑन टेट्रांचा छोटा थवा, एक लाकूड, त्याला बांधलेलं अनुबियास आणि मागे व्हॅलिस्नेरिया. दिवाळीपर्यंत सगळं छान होतं, पण फेब्रुवारी उलटला तसा शेवाळानं उच्छाद मांडलाय. काच घासावी, तर आठवडा संपायच्या आत पुन्हा हिरवी.

दुकानदार म्हणाले, "चार गोगलगायी सोडा आणि विसरून जा." कोणत्या, ते विचारलं तर "कोणत्याही". लेक लगेच तयार. सासूबाईंचं म्हणणं असं की, पावसाळ्यात कुंड्यांतल्या गोगलगायी वेचून वेचून कंबर मोडते आणि तुम्ही त्या विकत आणणार!

तर कोणती घ्यावी? किती? पिल्लांनी टँक भरून जातो म्हणतात, ते कितपत खरं? आणि झाडं खातात का?

टवाळ_आळी · रात्री ९:४४

गोगलगाय अन् पोटात पाय. माझं ज्ञान इथे संपतं. वाचतोय.

पाणवनस्पती · रात्री ९:५८

नुसतं "शेवाळ" म्हणून भागत नाही हो. ठिपके, केस, गोंडे, साय, की पाणीच हिरवं? फोटो टाका, नाहीतर वर्णन तरी करा. आणि टँक खिडकीपासून किती लांब, लाइट किती तास, मासे किती वेळा जेवतात, हेही सांगा.

काचेपलीकडे · रात्री १०:१५

फोटो अपलोड होत नाहीये. काचेवर गोल, कडक, हिरवे ठिपके आहेत. स्पंजनं जात नाहीत, नखानं खरवडावे लागतात. अनुबियासच्या जुन्या पानांवरही तेच. लाकडाच्या टोकांना काळपट गोंडे आलेत, पाण्याच्या धारेत हलतात. वाळूवर मात्र काही नाही.

टँक पश्चिमेच्या खिडकीला अगदी लागून आहे. लाइट सकाळी उठल्यावर लावतो, झोपताना बंद. खाणं सकाळी मी घालते, संध्याकाळी लेक घालते, आणि मधे सासरे "बिचारे वर येऊन बघतायत" म्हणून चिमूटभर.

पाणवनस्पती · रात्री ११:०५

तुमच्या शेवटच्या परिच्छेदात अर्धं उत्तर आलंय, पण ते उद्या. आधी गोगलगायींचं.

काचेवरचे कडक ठिपके म्हणजे ग्रीन स्पॉट. हे खाणारा प्राणी मिळणं अवघड असतं, कारण ते काचेला घट्ट चिकटून बसतं. नेराइट गोगलगाय ते खरवडते. तिच्या तोंडात रेडुला नावाची बारीक दातांची पट्टी असते, कानशीच म्हणा ना. सकाळी काचेवर नागमोडी पुसलेले पट्टे दिसले की समजायचं, रात्री बाईसाहेब इथून गेल्या. ग्रीन स्पॉट पूर्ण संपवेल असं नाही, पण या कामात तिच्याइतकं चांगलं दुसरं कुणी मला माहीत नाही.

लाकडावरचे काळे गोंडे म्हणजे ब्लॅक बिअर्ड. रंग काळा-राखाडी दिसला तरी ते लाल शेवाळांच्या कुळातलं आहे. त्याला कोणतीही गोगलगाय फारसं तोंड लावत नाही. त्यासाठी गोगलगाय आणणार असाल तर पैसे वाचवा. खरा सियामी अल्गी ईटर ते खातो, पण तो सहा इंचांपर्यंत वाढतो, दोन फुटी टँकचा मासा नव्हे. शिवाय त्या नावाखाली भलतंच काहीतरी गळ्यात मारतात. खऱ्याचा काळा पट्टा शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत जातो, एवढं बघून घ्या.

बाकी प्रकारांचं थोडक्यात: नव्या टँकमधली तपकिरी धूळ कोणतीही गोगलगाय फस्त करते, आणि नाही केली तरी काही आठवड्यांत ती आपोआप जाते. लांब केसांसारखं शेवाळ टूथब्रशला गुंडाळून हातानं काढायचं. निळसर-हिरवी, वास मारणारी साय हे शेवाळ नाहीच, ते जिवाणू आहेत, गोगलगायी त्याच्या वाटेला जात नाहीत. आणि पाणीच हिरवं झालं असेल तर गोगलगाय बिचारी काय करणार, ते शेवाळ पाण्यात तरंगतंय.

तेव्हा तुमच्यासाठी नेराइट, दोन. फार तर तीन. चार नकोत. ठिपके संपले की त्या उपाशी मरतात. स्वच्छ टँकमध्ये नेराइट मरते ती बहुतेक वेळा भुकेनंच.

झाडं खात नाहीत. पिल्लांनी टँकही भरत नाही, त्यांच्या अळ्यांना वाढायला खारं किंवा मचूळ पाणी लागतं. अंडी मात्र घालतात. तिळाएवढे पांढरे, टणक ठिपके, लाकडावर आणि काचेवर. ते फुटत नाहीत आणि लवकर निघतही नाहीत. गडद लाकडावर पांढरे तीळ बघून चिडचिड होत असेल तर आत्ताच विचार करा.

काचेपलीकडे · रात्री ११:२०

बापरे, केवढं सविस्तर! धन्यवाद. म्हणजे हिरवे ठिपके घालवायला पांढरे ठिपके आणायचे?

टवाळ_आळी · रात्री ११:२२

तिळगूळ घ्या.

रेवा_सिंहगडरोड · मंगळवार, सकाळी ८:१०

आम्ही श्रीवर्धनला जातो तेव्हा भरतीच्या रेषेत खडकांवर अशाच गोल, पट्ट्यापट्ट्यांच्या गोगलगायी ढीगभर असतात. त्या नेराइटच ना? येताना बाटलीत घालून आणल्या तर?

पाणवनस्पती · सकाळी ८:४०

कूळ तेच, पण त्या समुद्रातल्या. गोड्या पाण्यात तग धरणार नाहीत. दुकानात मिळतात त्या जाती खाडीच्या आणि नदीमुखाच्या पाण्यातल्या, त्यांना गोडं पाणी चालतं. आणू नका.

निवृत्त_प्राणी · सकाळी १०:३०

धागा वाचून राहवलं नाही. आयुष्य प्राणिशास्त्र शिकवण्यात गेलं. आमच्या वेळी बी.एस्सी.ला पायला, म्हणजे आपली तळ्यातली मोठी गोगलगाय, चिरायला असायची. कल्ला आणि फुप्फुस दोन्ही बाळगणारा प्राणी, उन्हाळ्यात चिखलात स्वतःला गाडून घेऊन झोपणारा. प्राणी म्हणून अप्रतिम, पण टँकमध्ये नको. व्हॅलिस्नेरियाची कोशिंबीर करेल.

पण मला सांगायचंय ते वेगळं. पाषाण तलाव, कात्रजचं तळं, नदीकाठ, भाताची खाचरं, कुठूनही गोगलगाय उचलून घरच्या टँकमध्ये सोडू नका. मुलांना तर त्या पाण्यात हात घालू देऊ नका. आपल्याकडच्या डबक्यांत सर्रास सापडणारी चपटी गोगलगाय, इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस, गुराढोरांच्या शिस्टोसोमा या रक्तकृमींची मधली यजमान आहे. त्यातली एक जात गुरांच्या नाकात गाठी करते, जनावर घोरल्यासारखा आवाज करत श्वास घेतं. माणसात हे कृमी मोठे होत नाहीत, पण त्यांच्या अळ्या कातडीत घुसतात आणि भयंकर खाज सुटते. भातलावणी करणाऱ्यांना विचारा.

माणसाच्या शिस्टोसोमाचं उदाहरणही लांबचं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ साली असे रुग्ण नोंदले गेले. तिथला संशय एका अगदी चिमुकल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीवर होता. आता तो इतिहास झाला.

पिढ्यान् पिढ्या टँकमध्येच वाढलेल्या गोगलगायींना ही भीती नाही, कारण कृमीचं चक्र पुरं व्हायला गुरं लागतात आणि ती तुमच्या हॉलमध्ये नसावीत.

टवाळ_आळी · सकाळी १०:४१

सर, आमच्या हॉलची खात्री देता येत नाही.

ओरखडा · सकाळी ११:१५

मी विरुद्ध बाजूनं बोलतो. गोगलगाय शेवाळ "साफ" करते हे दुकानदारांनी पसरवलेलं आहे. गोगलगाय म्हणजे टँकमध्ये बांधलेली म्हैस. गवत खाते आणि शेण तिथंच टाकते. शेवाळातलं नायट्रेट, फॉस्फेट तिच्या पोटातून पुन्हा पाण्यात येतं आणि त्यावर पुन्हा शेवाळ. पोषण टँकबाहेर काढायचे मार्ग दोनच: पाणी बदलणं आणि वाढलेली झाडं छाटून टाकणं. गोगलगाय बाहेर काहीच काढत नाही. सहा इंची ब्लेड-स्क्रेपर घ्या आणि काच स्वतः खरवडा.

पाणवनस्पती · दुपारी १२:०५

@ओरखडा, तत्त्व मान्य, निष्कर्ष अर्धा. म्हशीचं शेण पाण्यात मिसळलं की फिल्टरमध्ये जातं, झाडांच्या मुळांना मिळतं. अनुबियासच्या पानावर बसलेल्या ठिपक्याचं तसं होत नाही, तो पानाचा उजेड अडवून बसतो. ब्लेड काचेवर चालेल, पानावर कसं चालवणार? आणि टँक अॅक्रिलिकचा असेल तर ब्लेड लावायची सोयच नाही. शेवाळाचं मूळ कारण गोगलगाय घालवत नाही, एवढं तुमचं बरोबर.

आणि आता ते कारण. @काचेपलीकडे, फेब्रुवारीपासून त्रास सुरू झाला म्हणालात. होळीच्या आसपास पश्चिमेचं ऊन खिडकीतून आत यायला लागतं. त्यात सकाळपासून झोपेपर्यंत लाइट, म्हणजे चौदा-पंधरा तास झाले की हो. झाडांना सहा ते आठ तास पुरतात. बाकीचे तास शेवाळाचे. प्लगमध्ये बसणारा साधा टायमर घ्या, संध्याकाळी तुम्ही घरी असाल ते तास त्यात लावा. टँक हलवणं शक्य नसेल तर खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवा. नंतर खाणं: दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढं. सासऱ्यांना सांगा की बिचारे कायमच वर येऊन बघतात, तो त्यांचा धंदा आहे.

हे न करता दहा नेराइट सोडल्यात तरी ठिपके हटणार नाहीत.

ओरखडा · दुपारी १२:२०

हे आधी सांगितलं असतंत तर मी म्हैस बांधलीच नसती.

फेज_साडेतीन · दुपारी १:३०

नेराइट पुण्यात जगतात असं सगळे गृहीत धरतायत. माझ्याकडे टिकत नाहीत. वाकडला राहतो. काही महिन्यांत कवचाची कड पातळ, फाटल्यासारखी होते, मग मरतात. पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, असेल असं म्हणू नका, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर ६००च्या वर आकडा येतो. एवढ्या जड पाण्यात कॅल्शियम कमी पडेलच कसं?

रेवा_सिंहगडरोड · दुपारी १:४५

आमच्याकडे उलट. महापालिकेचं पाणी, टीडीएस शंभरच्या आत. नेराइटच्या कवचाचं टोक पांढरं पडून खड्डे पडले, कड मात्र ठीक आहे.

निवृत्त_प्राणी · दुपारी ३:००

वा, हे दोन रुग्ण एकत्र आले ते छान झालं. कवच कुठे खराब होतंय ते आधी बघायचं.

टोक, म्हणजे कवचाचा सर्वांत जुना भाग, झिजत असेल तर बनलेलं कवच पाण्यात विरघळतंय. पाणी आम्लधर्मी आहे. कड, म्हणजे सर्वांत नवा भाग, नीट बनत नसेल तर माल कमी पडतोय: कॅल्शियम नाही, किंवा अन्न नाही.

रेवाताईंचं सोपं आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणांत सह्याद्रीच्या बसाल्टवरून वाहून आलेलं पावसाचं पाणी साठतं. ते मुळात मृदू, त्यात सामू (पीएच) धरून ठेवणारे कार्बोनेट कमी. लाकडातलं टॅनिन, माशांची घाण, झाडांसाठी सीओटू सोडत असाल तर तो, या सगळ्यांनी सामू सातच्या खाली उतरतो आणि कवच झिजायला लागतं.

वाकडच्या पाण्याबद्दल मात्र एक प्रश्न आहे. सोसायटीला टँकर की बोअर? आणि पंपरूममध्ये मिठाच्या गोण्या पडलेल्या दिसतात का?

फेज_साडेतीन · दुपारी ३:१०

दोन्ही, टँकर आणि बोअर. मिठाच्या गोण्यांचं कळलं नाही, बघून सांगतो.

फेज_साडेतीन · संध्याकाळी ७:५०

आहेत! भिंतीला लावून रचून ठेवल्यात. आणि बाजूला दोन उंच निळ्या टाक्या. वॉचमन म्हणाला, "सॉफ्टनर आहे साहेब, नळाला पांढरं जमू नये म्हणून."

निवृत्त_प्राणी · रात्री ८:२०

तेच. सॉफ्टनरमधली राळ पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून घेते आणि त्याजागी सोडियम सोडते. राळ पुन्हा ताजी करायला ते मीठ. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो, क्षार कुठला ते त्याला कळत नाही. कॅल्शियमच्या जागी सोडियम आलं तरी आकडा जवळजवळ तोच. म्हणून तुमचं पाणी मीटरवर जड आणि गोगलगायीच्या दृष्टीनं कॅल्शियमशून्य. बायकार्बोनेट तसंच राहतं, त्यामुळे सामू उतरत नाही, जुनं कवच विरघळत नाही. नवं बनत नाही एवढंच. तुमच्या वर्णनात टोक शाबूत आणि कड फाटकी, ते यात बसतं.

टीडीएस मीटर बाजूला ठेवा आणि कठीणपणा मोजायचं थेंबांचं किट घ्या. सॉफ्टनर सांभाळणाऱ्या माणसाकडेही बहुधा असेल, त्याला ते लागतंच. जर्मन डिग्रीत आकडा येतो, एक डिग्री म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका कठीणपणा. सहाच्या वर असेल तर नेराइट खूश.

फेज_साडेतीन · रात्री ८:३५

सर, दंडवत. आजवर मी दुकानदाराला शिव्या घालत होतो. आता पाणी कुठून घेऊ? घरात आरओ आहे.

पाणवनस्पती · रात्री ८:५०

आरओ तर आणखीच वाईट, त्यात काहीच उरत नाही. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी मिळत असेल, बागेला बऱ्याचदा तेच देतात, तर ते अर्धं आणि आरओचं अर्धं मिसळा. मोजून बघा. महापालिकेचं पाणी स्वयंपाकघरात वेगळ्या लाइननं येत असेल तर तेही चालेल.

आणि दोघांसाठीही: समुद्रफेस. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो पांढरा, हलका तुकडा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, पेठांमध्ये कुठेही विचारा. तो समुद्रातल्या म्हाकुळाच्या जातभाईचा आतला सांगाडा, कॅल्शियम कार्बोनेट. रेवाताईंच्या पाण्यात तो हळूहळू विरघळून सामूही सावरेल. वाकडच्या पाण्यात फारसा विरघळणार नाही, पण गोगलगायी त्यावर बसून तो थेट खरवडून खातात. आधी तरंगेल, दोन दिवसांत बुडेल. अंड्याची टरफलं उकळून, आतला पापुद्रा काढून टाकली तरी चालतात.

टवाळ_आळी · रात्री ८:५५

शाळेतला खडू?

निवृत्त_प्राणी · रात्री ९:००

आपल्याकडचे फळ्याचे खडू बहुधा जिप्समचे असतात. त्यानं कठीणपणा वाढतो, सामू सावरत नाही. आणि रंगीत खडू तर अजिबात नको.

काचेपलीकडे · रात्री ९:३०

माझ्या टँकमध्ये निऑन आहेत, त्यांना मऊ पाणी लागतं. गप्पींना जड. गोगलगायींना जड. आता?

पाणवनस्पती · रात्री ९:४०

बाजारातले निऑन बहुतेक फार्मवर वाढलेले असतात, सामू सातच्या थोडं वर आणि मध्यम कठीणपणा त्यांना चालतो. समुद्रफेसचा एक छोटा तुकडा टाका आणि बाकी विचार करू नका.

मितभाषी_मैना · रात्री १०:१०

रॅम्सहॉर्नबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्याकडे गुलाबी आहेत, शिंगासारख्या चपट्या. सुंदर दिसतात, कुजकी पानं, उरलेलं खाणं, मऊ शेवाळ सगळं खातात. ग्रीन स्पॉटचं काम मात्र त्यांचं नाही.

ओरखडा · रात्री १०:२५

आणि मग त्यांची संख्या पण सांगा.

मितभाषी_मैना · रात्री १०:३०

संख्या खाण्यावर ठरते. प्रत्येक रॅम्सहॉर्न नर-मादी दोन्ही, एकटीही अंडी घालते. पानांखाली जेलीचे पारदर्शक ठिपके दिसतात, ती अंडी. पण उपाशी टँकमध्ये त्या वाढत नाहीत. अचानक झुंड दिसली तर समजायचं, खाणं जास्त पडतंय. मला तर त्या मोजमापाच्या काट्यासारख्या उपयोगी पडतात. कमी करायच्या असतील तर रात्री काकडीचा किंवा दुधीचा काप धुऊन तळाला ठेवा, सकाळी त्यावर जमलेल्या सगळ्या कापासकट उचला.

ओरखडा · रात्री १०:४५

माझ्याकडे कुणी विकत आणलेल्या नव्हत्या. झाडांबरोबर आल्या. डावीकडे वळणाऱ्या, पातळ कवचाच्या, फायझा. काचभर झाल्या होत्या. त्यांचं काय करायचं?

पाणवनस्पती · रात्री ११:००

तेच काकडीचं तंत्र. पुढच्या वेळी नवी झाडं तुरटीच्या पाण्यात भिजवा: चार लिटरला एक-दोन मोठे चमचे तुरटी पूड, दोन-तीन तास, मग खळखळून धुवा. गोगलगायी मरतात, अंड्यांची मात्र पूर्ण खात्री नाही, पानं उलटून बघाच.

आणखी एक, कारण हा सल्ला कुणीतरी देणारच आहे: "बोटिया सोड, सगळ्या गोगलगायी खाईल." खातो, खरंय. पण दुकानात मिळणारा पट्ट्यांचा झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायटा, आपल्या पश्चिम घाटातल्या नद्यांतला, जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे. तो थव्यानं राहणारा मासा. पन्नास लिटरमध्ये एकटा कोंबून गोगलगायी मारायला ठेवण्यासाठी नाही. आणि तो तुमच्या नेराइटही सोडणार नाही.

सकर मासाही नको. "शेवाळ खातो" म्हणून दोन इंचाचा विकतात, फूटभर होतो, मग लोक नदीत सोडतात. देशभरच्या नद्या-तलावांत तो असाच पसरला.

फेज_साडेतीन · बुधवार, सकाळी ९:०५

अवांतर: गोगलगायींवरून आठवलं. आमच्या गावी लातूरकडे २०२२च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन फस्त केली. लोकांनी दुबार पेरणी केली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकून पहाटे गोळा करायचे, मग मिठाच्या पाण्यात.

निवृत्त_प्राणी · सकाळी ९:३०

ती आफ्रिकी जमिनीवरची गोगलगाय, वेगळंच प्रकरण. तुमची गोणपाटं आणि मैनाताईंची काकडी, युक्ती मात्र एकच.

धागापाल · सकाळी ९:४५

शेतीसाठी वेगळा विभाग आहे. इथे टँकपुरतं बोलू या.

काचेपलीकडे · सकाळी १०:००

सासूबाई धागा वाचून विचारतायत, काकडीऐवजी पडवळ चालेल का.

मितभाषी_मैना · सकाळी १०:०४

चालेल. थोडं वाफवून. आणि चोवीस तासांच्या आत काढा, नाहीतर पाणी नासतं.

काचेपलीकडे · सकाळी १०:१०

टायमर आणलाय, काळा कागदही लावला. शनिवारी दोन नेराइट आणायचा विचार आहे. आणल्यावर काय काळजी घ्यायची? आणि काळ्या गोंड्यांचं काय?

पाणवनस्पती · सकाळी ११:३०

दुकानात काचेला चिकटलेलीच निवडा. तळाशी उलटी पडलेली, कवचाच्या तोंडाचं झाकण सैल झालेली घेऊ नका. घरी आणून एकदम सोडायची नाही. बादलीत त्यांचं पाणी, आणि एअरपंपाच्या नळीला गाठ मारून तुमच्या टँकचं पाणी त्यात थेंबथेंब, तासभर. सोडताना पालथी, पाय खाली. नेराइट उलटी पडली तर बऱ्याचदा स्वतःहून सरळ होत नाही. पहिले एक-दोन दिवस हललीच नाही तरी घाबरू नका. मेली की नाही याची शंका आली तर उचलून वास घ्या, खात्री पटेल. मेलेली लगेच काढा, एवढीशी गोगलगायही लहान टँकमध्ये अमोनिया वाढवते. वर झाकण हवं, रात्री बाहेर चढून येतात.

नळाचं पाणी नेहमीप्रमाणे अँटी-क्लोरीन घालूनच, पावसाळ्यात जास्त काळजीनं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: माशांच्या औषधाच्या बाटलीवर कॉपर, म्हणजे तांबं, लिहिलेलं असेल तर ते गोगलगायी असलेल्या टँकमध्ये कधीही घालायचं नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या काही औषधांत असतं. शेवाळ मारायच्या काही औषधांतही. माशाला बरं वाटेल आणि गोगलगायी मरतील.

गोंड्यांसाठी लाकूड बाहेर काढा. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा सहा टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घाला, गोंड्यांवर ब्रशनं लावा, अनुबियासच्या मुळांना शक्यतो लागू देऊ नका. चार-पाच मिनिटांनी नळाखाली भरपूर धुऊन परत ठेवा. गोंडे लालसर, मग पांढरे पडतात. तेव्हा त्यांना गप्पीसुद्धा खातात. हे नेराइट आणायच्या आधी उरकून घ्या.

ओरखडा · सकाळी ११:५०

आणि काच स्वतः घासा. हे मी सोडणार नाही.

पाणवनस्पती · सकाळी ११:५२

समोरची काच घासाच. मागची आणि बाजूंची त्यांच्यासाठी ठेवा, नाहीतर त्या खातील काय?

मितभाषी_मैना · दुपारी १:१५

कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात कुणाला रॅम्सहॉर्न हव्या असतील तर माझ्याकडे बऱ्याच झाल्यात. फुकट. नदीत, तळ्यात सोडायच्या नाहीत एवढीच अट.

फेज_साडेतीन · दुपारी १:२०

मला हव्यात. वाकडहून येईन. माझ्याकडे बुटका पफर आहे.

मितभाषी_मैना · दुपारी १:२१

म्हणजे खायला?

फेज_साडेतीन · दुपारी १:२२

हो. म्हणजे, पफरला.